हत्तीरोगाच्या निदानात प्रतिपिंडांचे साहाय्य

हत्तीरोग हा विदर्भातील एक जुना व चिवट रोग होय. पाय सुजला किंवा अंडवृद्धी दिसू लागली, की तो कोणालाही ओळखता येतो. परंतु तोवर लसीकावाहिन्यांची झालेली हानी सहसा भरून निघत नाही. खरी अडचण असते ती वरकरणी निरोगी, पण रक्तात कृमी बाळगणाऱ्या माणसाची. त्यास कसलाही त्रास जाणवत नाही. मात्र त्यास चावलेला डास रोग पुढे नेतो.

अशा माणसाच्या शोधासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. परंतु या कृमीची सूक्ष्म पिले दिवसा बहुतांशी फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत राहतात व रात्री, विशेषतः १० ते २ च्या सुमारास, त्वचेलगतच्या रक्तात उतरतात. म्हणून वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावी अशी पाहणी करावयाची, तर पथकाने रात्रीच घरोघर गेले पाहिजे. दिवसभर शेतात राबून झोपी गेलेल्यांना उठविणे सोपे नाही. शिवाय पिले थोडी असल्यास थेंबात एकही सापडत नाही.

सेवाग्रामचे संशोधन

या अडचणीवर याच जिल्ह्यात महत्त्वाचे काम झाले. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांचा आधार घेतला. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास प्रतिजन, तर त्यास नेमके चिकटणारे प्रथिन शरीर तयार करते त्यास प्रतिपिंड म्हणतात. प्रतिपिंडास एखादे एन्झाइम जोडले, की ते कोठे चिकटले हे रंगावरून कळते. सेवाग्रामच्या चाचणीत पेनिसिलिनेज हे एन्झाइम वापरले गेले. स्टार्च व आयोडीन यांचा निळा रंग त्यामुळे नाहीसा होतो आणि निष्कर्ष नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

मात्र रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड कृमी मेल्यावरही बराच काळ टिकतात; ते केवळ संसर्गाचा पूर्वेतिहास सांगू शकतात. म्हणून प्रयोगशाळेतील प्रतिपिंडांच्या साहाय्याने कृमीचे प्रतिजन शोधणे अधिक उपयुक्त ठरते. कोहलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच पेशीवंशापासून एकसारखे प्रतिपिंड मिळविण्याची रीत दाखविल्यावर अशा चाचण्यांना नेमकेपणा आला. आजची चाचणीपट्टी याच तत्त्वावर चालते. बोटातून घेतलेले थोडे रक्त तिला पुरते, ते दिवसा घेता येते आणि दहा मिनिटांत निष्कर्ष मिळतो.

शाळा व पंचायतींचे काम

सामुदायिक औषधोपचाराच्या फेऱ्यांनंतर संक्रमण थांबले की नाही, हे पाहण्यासाठी ६ ते ७ वर्षे वयाच्या मुलांची अशी तपासणी करतात. एवढ्या लहान मुलात प्रतिजन आढळणे म्हणजे गावात रोगाचा प्रसार अलीकडेपर्यंत चालू असल्याची खूण होय. यासाठी पालकांची समजूत घालून मुलांना तपासणीस हजर ठेवणे, हे शिक्षकांचे मोलाचे साहाय्य ठरते.

तथापि, चाचणी रोग दाखविते. ती तो बरा करीत नाही. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती वगळता सर्वांनी फेरीतील गोळ्या कर्मचाऱ्यांसमक्ष घेतल्या पाहिजेत. रोगवाहक क्यूलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. तेव्हा गटारे वाहती ठेवणे व डबकी बुजविणे हे पंचायतीचे नित्याचे कर्तव्यच आहे.