लायपोसक्शन : समज, गैरसमज आणि सावधगिरी

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा तथागतांनी त्यास आहारात मात्रा पाळण्याचा उपदेश केला. राजाने आहार हळूहळू घटविला व तो सडपातळ झाला, असे संयुत्त निकायात सांगितले आहे. आज मात्र झटपट पोट कमी करण्याच्या जाहिराती वाचून काही तरुण-तरुणी लग्नाच्या तोंडावर कर्ज काढूनही लायपोसक्शन करून घेण्यास तयार होतात. म्हणून या शस्त्रक्रियेची शास्त्रीय माहिती समाजबांधवांना असणे अगत्याचे आहे.

लायपोसक्शन म्हणजे काय?

त्वचेला लहान छेद देऊन पोकळ नळी आत घालतात व त्वचेखालची चरबी शोषून घेतात. फ्रान्सचे डॉ. इलूझ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेचे डॉ. जेफ्री क्लाइन यांनी 'ट्युमेसंट' पद्धत आणली. तीत सलाईन, बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनॅलिन यांचे पातळ मिश्रण आधी चरबीत भरतात. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. अल्ट्रासाऊंड किंवा लेसरने चरबी सैल करण्याचेही प्रकार आहेत. परंतु यंत्रापेक्षा ते चालविणारा हात महत्त्वाचा.

हा लठ्ठपणावरील इलाज नव्हे. वजन स्थिर असून एखाद्याच जागी चरबी साचली असेल, त्यालाच याचा उपयोग. आतड्यांभोवतीची चरबी या नळीने निघत नाही, आणि मधुमेहाशी तिचाच संबंध अधिक. खाणे सुटले तर उरलेल्या पेशी पुन्हा फुगतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, चरबीचे कण फुफ्फुसात जाणे, हे धोके क्वचित घडले तरी जिवावर बेतू शकतात.

सर्जन कसा निवडावा?

१) 'कॉस्मेटिक' ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. एम.बी.बी.एस. व बहुधा एम.एस. नंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे का, ते पाहावे. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या अशा पदव्या १९९८ साली स्थापन झालेले आपल्या नाशिकचेच आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते.
२) महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासावी.
३) भूलतज्ज्ञ व अतिदक्षता सोय आहे का, हे विचारावे.
४) किती चरबी काढणार? सुमारे ५ लिटरच्या वर गेल्यास रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी.
५) संमतिपत्र वाचून, समजून मगच सही करावी, खर्चाची पावती घ्यावी.

कालामांना तथागतांनी केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे सांगितले. जाहिरातीलाही तोच नियम लावावा.

विद्यार्थी मित्रहो, प्लास्टिक सर्जरी ही केवळ श्रीमंतांची हौस नव्हे. कपाळाच्या कातडीने कापलेले नाक पुन्हा घडविणाऱ्या पुण्याकडील कारागीराची हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'ने छापली. तो वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला होता. भाजलेल्या रुग्णांना व दुभंगलेल्या ओठांच्या बालकांना आजही अशा हातांची गरज आहे. ते हात आपल्या वस्त्यांतूनही घडोत.