रिक्षाच्या दरपत्रकातली रेषा

दहावीच्या बीजगणिताची सुरुवातच दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होते. दोन समीकरणं दिलेली असतात, आलेख काढायचे, छेदनबिंदू लिहायचा. मुलं बिंदू नीट मांडतात, पट्टी लावून रेषा ओढतात, उत्तरही बरोबर येतं. पण यातली कोणती रेषा कधी परवडेल, असं विचारलं तर वर्ग गप्प होतो. त्या आकड्यांना रुपये, किलोमीटर, मिनिटं असं काही चिकटलेलंच नसतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांना हे सगळं रोज घराबाहेर पडल्या पडल्या भेटतं, मग ते वर्गात का येऊ नये?

रिक्षाचं दरपत्रकच घ्या. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांत पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हेच आकडे ३१ रुपये आणि २० रुपये ६६ पैसे. याचं समीकरण मांडा म्हटलं, की हात आपसूक ‘२६ अधिक १७.१४ गुणिले अंतर’ असं लिहायला जातो. मग तीन किलोमीटरचं भाडं येतं ७७ रुपये. मीटर मात्र ५१ च्या आसपास असतो. या २६ रुपयांच्या फरकापाशी शिक्षकाने घाई करू नये. मुलांनाच शोधू द्यावं. दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१, किमान भाडं म्हणजे हाच आकडा पूर्ण रुपयात केलेला. दीड किलोमीटरपर्यंत आलेख आडवा, आणि तिथून वर जाणारी रेषा मागे वाढवली तर ती जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. टॅक्सीचंही तेच, करून पाहा. म्हणून दीड किलोमीटरनंतर या दोन रेषा पुन्हा कधीच भेटत नाहीत. दर किलोमीटरला त्यांच्यातलं अंतर ३ रुपये ५२ पैशांनी वाढत जातं. दहा किलोमीटरला ते ३५ रुपये होतं. चढ म्हणजे काय, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

आता शेजारी महावितरणचं बिल ठेवा. त्यातला ‘स्थिर आकार’ मे महिन्यात घर कुलूपबंद असलं तरी भरावा लागतो. शून्य युनिटला शून्य रुपये होत नाहीत. रेषा खरोखरच वरून सुरू होते. शिवाय घरगुती वापरात १०० आणि ३०० युनिटांच्या पायरीवर दर वाढतो, तिथे रेषा मोडून जास्त उभी होते. किमान भाडं आणि स्थिर आकार ऐकायला सारखे, आलेखावर अगदी वेगळे. तुलना शिकवताना पहिला प्रश्न ‘शून्यावर काय होतं?’ हाच असावा, असं माझं ठाम मत आहे. दुसरा प्रश्न, एकाने वाढल्यावर किती वाढतं? समीकरण त्यानंतर. आणि ज्यांची तुलना करायची त्या दोन्ही गोष्टी तयार समीकरणात देऊ नयेत. एक दरपत्रकाच्या शब्दांत द्यावी, दुसरी तक्त्यात किंवा आलेखात. वेगवेगळ्या रूपांतून चढ ओळखून काढणं, हीच खरी तुलना.

कल्याण-डोंबिवलीत शेअर रिक्षा सर्रास चालते, तिचं गणित आणखी मजेचं. तीन किलोमीटरच्या एकाच फेरीसाठी समजा सीट २० रुपये आहे. आडव्या अक्षावर अंतराऐवजी माणसं घ्या. मीटरची रेषा आता आडवी पडते, ५१ रुपयांवर, कारण एक बसला काय नि तिघं बसले काय, भाडं तेच. शेअरची चढत जाते: २०, ४०, ६०. दोघांना शेअर स्वस्त, तिघांना मीटर. रेषा अडीचच्या जरा पुढे छेदतात, पण अडीच माणसं रिक्षात बसत नाहीत. छेदनबिंदू सापडला तरी उत्तर त्याच्या अलीकडचं की पलीकडचं, हा विचार करावाच लागतो, आणि तो पुस्तकातल्या गणितात सहसा करावा लागत नाही.

धीम्या आणि जलद लोकलची तुलना तर इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली. रेल्वेच्या नियंत्रण कक्षातही गाड्या वेळ-अंतराच्या आलेखावरच पाहतात. रेषा जितकी उभी, गाडी तितकी वेगात. वर्गासाठी एक काम सुचवतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या गाडीने ठाण्यापर्यंतचे सुमारे ३४ किलोमीटर ५७ मिनिटांत कापले. सरासरी ताशी ३६ किलोमीटरच्या जवळपास. ती रेषा काढा. त्याच कागदावर वेळापत्रक पाहून आजची सीएसएमटी-ठाणे धीमी आणि जलद लोकल मांडा, तिघी एकाच वेळी सुटल्या असं धरून. मग जलदची रेषा उजवीकडे सरकवत जा आणि सांगा: धीमी सुटल्यावर किती मिनिटांनी जलद सोडली, तर दोघी ठाण्याला एकदमच लागतील?