वांगावरचें औषध

चेहऱ्यावर वांग येणें ही कांहीं मोठी व्याधि नव्हे. त्यानें ताप येत नाहीं, दुखत-खुपत नाहीं, घरकामांत तिळमात्र अडथळा होत नाहीं. असें असूनही हळदीकुंकवाला बसलें असतां समोरची बाई बोलतां बोलतां आपल्या डोळ्यांऐवजीं गालाकडे पाहूं लागली म्हणजे काय वाटतें, तें ज्या भगिनींना हा अनुभव आहे त्यांस निराळें सांगावयास नको. आम्हांस तो गेलीं सहा वर्षें आहे. या काळांत आम्हीं जे उपाय केले, आणि त्यांपैकीं एकानें आमच्या घरांत जो अनर्थ ओढवला, त्याची हकीकत येथें देत आहों. आमच्या पुतणीची त्यास संमति आहे. इतकेंच नव्हे तर लिहिण्याचा आग्रह तिचाच आहे.

धाकट्या मुलीच्या वेळीं पांचव्या महिन्यांत दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी छटा दिसूं लागली. "बाळंतपण झालें कीं जाईल," असें सासूबाई म्हणाल्या, आणि पुष्कळ जणींच्या बाबतींत तसें होतेंही. आमच्या बाबतींत झालें नाहीं. मूल झालें, पाठोपाठ चैत्र-वैशाख आला, आणि खालींवर मिळून अकरा माणसांच्या आमच्या घरांत कुरडया, पापड, सांडगे यांचें वाळवण गच्चीवर घालण्याचें काम नेहमींप्रमाणें आमच्याकडे आलें. गर्भारपणांत शरीरांतील अंतःस्रावांचा जो फेरफार होतो त्यानें त्वचेंतील रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि ऊन त्यांना पुन्हां झोपूं देत नाहीं, हें आम्हांस पुढें कळलें.

प्रथम घरगुती उपाय झाले. सासूबाईंनीं सहाणेवर दुधांत जायफळ उगाळून दिलें. चुलतसासूबाईंचा भर मसुरीच्या पिठावर. जायफळाचा वास सुरेख, पण दोन महिन्यांनीं पाहावें तों डाग जेथल्या तेथें. शेजारच्या एका बाईंच्या सांगण्यावरून लिंबाचा रस लावला आणि तसेंच गच्चीवर गेलों, तेव्हां मात्र गाल भाजल्यासारखे होऊन डाग अधिकच गडद झाले. लिंबांत, विशेषतः त्याच्या सालींत, असें द्रव्य असतें कीं तें अंगावर असतांना ऊन लागलें तर कातडी पोळते व मागें काळें पडतें. तरीही लिंबाची शिफारस करणाऱ्या बायका अद्याप घरोघर आहेतच! यजमानांनीं एके दिवशीं सुश्रुतसंहिता काढून दाखविली. तींत 'व्यंग' या नांवानें हा विकार क्षुद्ररोगांत गणलेला असून क्रोध व श्रम हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. एकत्र कुटुंबांतील सुनेला या दोहोंचा पुरवठा कधीं कमी पडत नाहीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें व पुस्तक परत कपाटांत ठेवून दिलें.

तिसऱ्या वर्षीं धाकट्या जाऊबाईंनीं एक ट्यूब आणली. त्यांच्या बहिणीला तिचा गुण आला होता. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांत ती सहज मिळाली. डॉक्टरांची चिठ्ठी कोणीं मागितली नाहीं. रात्रीं वाटाण्याएवढें मलम लावावयाचें. तीन आठवड्यांत असा पालट झाला कीं आम्हांलाच खरें वाटेना. नुसते डागच नव्हेत, सगळा चेहरा उजळला व कांचेसारखा तुकतुकीत झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चौघींनीं विचारलें, आणि चौघींनाही आम्हीं ट्यूबचें नांव मोठ्या उत्साहानें लिहून दिलें. त्या चार चिठोऱ्यांची आठवण आतां सुखाची नाहीं.

पुढें एकदां दिवेआगरला गेलों असतां ट्यूब घरीं राहिली. चौथ्या दिवशीं चेहरा लालभडक होऊन आग होऊं लागली, बारीक पुळ्या उठल्या. समुद्राचा खारा वारा बाधला असें समजून घरीं येतांच पुन्हां मलम लावलें, तों दोन दिवसांत सारें शांत! औषध किती गुणाचें, असें आम्हीं त्या वेळीं जाऊबाईंना म्हटल्याचें चांगलें आठवतें.

थोरल्या दिरांची मुलगी त्या वेळीं तेवीस वर्षांची होती. नोकरी करणारी, हुशार. तिला वांग नव्हता, पुळ्या नव्हत्या. रंग सावळा, इतकेंच. तिच्यासाठीं स्थळें पाहणें चाललें होतें, आणि लग्नें जुळविणाऱ्या संकेतस्थळावर 'वर्ण' असा एक रकाना भरावा लागत होता. आरशाखालच्या खणांतली आमची ट्यूब तीही लावीत होती आणि संपली कीं नवी आणून ठेवीत होती, हें वर्षभर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. ती तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटरवर जात असे, घरींही अलीकडे दिव्याकडे पाठ करून बसे; पण पुण्यांत सगळ्याच मुली ओढणी गुंडाळतात. ज्या रविवारीं एक मंडळी पाहावयास येणार होती, त्या सकाळीं ती माडीवरून खालीं येईना. आम्ही वर गेलों. गालांवर लाल रेषांचें जाळें, हनुवटीवर पुळ्या, आणि कानशिलापासून गालापर्यंत काळी लव. "काकू, तूं लावतेस म्हणून मीं लावली," एवढेंच ती बोलली.

मंडळींना येऊं नका म्हणून निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलों. त्यांनीं ट्यूबवरचीं बारीक अक्षरें आमच्याकडूनच मोठ्यानें वाचून घेतलीं. तींत तीन औषधें होतीं: रंगद्रव्य बनूं न देणारें हायड्रोक्विनोन, कातडीचे वरचे थर लवकर पालटणारें ट्रेटिनॉइन, आणि एक स्टेरॉइड. असें त्रिकूट 1975 सालीं अमेरिकेंत क्लिगमन व विलिस या दोघांनीं प्रथम जुळविलें, आणि वांगावर तें खरोखरच गुणकारी आहे. त्यांत लबाडी कांहीं नाहीं. पण 2002 सालीं तिकडच्या सरकारच्या औषधखात्यानें अशाच मिश्रणास परवानगी दिली ती थोड्या मुदतीपुरती, आठ आठवड्यांच्या उपचारासाठीं. आम्हीं तें चौदा महिने लावलें होतें. स्टेरॉइडचें एक काम पहिल्या दोहोंनीं होणारी आग शमविण्याचें. तें महिनोन्महिने लावलें कीं कातडी पातळ होते, खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसूं लागतात, पुळ्या येतात, लव वाढते. आणि सोडूं गेलें तर त्वचा पेटून उठते, म्हणून माणूस पुन्हां तेंच लावतो. दिवेआगरचा खारा वारा तो हा! आपल्याकडे हा प्रकार इतका बोकाळला आहे कीं डॉक्टर मंडळींनीं असल्या चेहऱ्यास स्वतंत्र नांवच देऊन ठेवलें आहे. केंद्र सरकारनें 2018 सालीं चौदा स्टेरॉइडांचीं मलमें चिठ्ठीवांचून विकण्याची सवलत काढून घेतली. आम्हीं ट्यूब विकत घेतली ती त्यानंतर.

आमच्या ट्यूबवर निदान अक्षरें तरी होतीं. गोरें करणाऱ्या कांहीं बिननांवी मलमांत पारा असतो; केरळांतील मलप्पुरम् जिल्ह्यांत 2023 सालीं अशा मलमांमुळें मूत्रपिंडें बिघडलेले रोगी आढळले. आणखी एक गोष्ट बाईंनीं बजावली: दिवस गेलेल्या स्त्रीनें ट्रेटिनॉइन अथवा हायड्रोक्विनोन लावूं नये.

मलम सोडल्यानंतरचे सहा आठवडे वाईट गेले. दोघींचेही चेहरे सुजत, रात्रीं आगीनें झोंप लागत नसे. गार पाण्याच्या घड्या ठेवून एका खोलींत पडून राहात असूं. ती आम्हांवर रागावली असती तर बरें वाटलें असतें. ती रागावली नाहीं. थोरल्या दिरांचें म्हणणें, थोडी रंगरंगोटी करून कार्यक्रम उरकून घ्यावा. त्यावर सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं नातीला फोन आणावयास सांगितला आणि तो 'वर्ण'चा रकाना आपल्यासमोर पुसून टाकावयास लावला.

सध्यांचा उपाय अगदीं मिळमिळीत आहे. सकाळीं 30 अथवा अधिक क्रमांकाचें सनस्क्रीन, तेंही लोहाच्या भस्मामुळें किंचित् मातकट रंगाचें. कारण आपल्यासारख्या वर्णावर नुसत्या उघड्या उजेडानेंही वांग गडद होतो व पांढरीं सनस्क्रीनें तो अडवूं शकत नाहींत. दोन बोटांच्या लांबीइतकें काढावें लागतें. आम्ही आधीं करंगळीच्या पेराएवढें लावून समाधान मानीत होतों. बाहेर असल्यास दोन तासांनीं पुन्हां. रात्रीं बाईंनीं लिहून दिलेलें ॲझेलेइक ॲसिडाचें मलम. आठ महिन्यांनीं डाग फिके झाले, गेले नाहींत. पुढच्या वैशाखांत ते पुन्हां दिसूं लागले, आणि बाई म्हणाल्या कीं दर वर्षीं तसें होईल. वाळवण आतां आम्ही सकाळीं साडेसातच्या आंत घालतों व उचलावयाला छत्री घेऊन जातों. जाऊबाई हंसतात.

पुतणीच्या गालांवरची लव गळून गेली. नाकाशेजारच्या लाल रेषा मात्र दोन वर्षांनंतरही जवळून पाहिल्यास दिसतात. त्या चार चिठोऱ्यांपैकीं तीन घरीं आम्ही दोघी जाऊन आलों. चौथ्या बाई बदली होऊन नागपुरास गेल्या. त्यांचा पत्ता अजून मिळालेला नाहीं. कोपऱ्यावरचा दुकानदार आम्हांस पाहिलें कीं "नेहमींची ट्यूब देऊं का?" असें विचारतो.