माळ ओसाड नसतो

निघोजे-चाकणच्या कंपन्यांतून सुट्टीची सहल निघाली की भीमाशंकर नाहीतर लोणावळा ठरलेले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ असलेल्या मयूरेश्वर अभयारण्याचे नाव काढले तर ‘तिथे काय, नुसता माळ’ असे उत्तर मिळते. हा समज सरकारी कागदांनीही पोसला आहे. देशातल्या अशा कितीतरी गवताळ जमिनी नोंदीत ‘पडीक’ आहेत. इथे कधीकाळी घनदाट अरण्य होते, ते तोडले आणि माळ उरला, हे त्यामागचे गृहीतक. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला तुटपुंजा पाऊस आणि खाली मुरमाड, उथळ जमीन, यांवर तसे अरण्य पोसले जाणेच कठीण. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा काही शतकांपूर्वीही या भागात गवत आणि विरळ काटेरी झाडेच असल्याचे दिसले.

मग झाडे लावली तर बिघडले कुठे? झाड कार्बन धरून ठेवते, हे खरेच. पण गवतही तो धरते, बराचसा जमिनीखाली, त्यामुळे वणव्यात वरचे पाते जळाले तरी तो साठा बहुतांशी टिकतो. दाट सावलीत मात्र गवत तगत नाही. चिंकारा संकट लांबून हेरून पळणारा प्राणी, त्याला मोकळी नजर लागते. धाविक आणि चंडोल हे पक्षी तर जमिनीवरच अंडी घालतात. धाविकाची मातकट, ठिपकेदार अंडी दोन पावलांवरूनही दगडगोट्यांत हरवतात. माळावर गाडी वाट सोडून नेऊ नये, ते याचसाठी. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवाई आली खरी, पण परदेशी झाडाची. वृक्षारोपणाच्या फोटोत ती छान दिसते, एवढेच.

‘मग चराई तरी बंद करा’ हा आक्षेप निम्माच बरोबर आहे. अतिचराईने माळ मरतो, पण धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या इथेच चरत आल्या आहेत आणि लांडगाही त्यांच्या आसपासच जगतो. १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. एवढ्यात लांडग्याचा कळप मावत नाही. त्याचा खरा वावर बाहेरच्या गायरानांत आणि शेतांत असतो. वन विभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये सुरू केलेली गवताळ सफारी अशाच माळांवर आहे. तिथे पहाटे जावे, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा.