'फ्रॉस्टिली' बोलणे म्हणजे नेमके कसे बोलणे?

इंग्रजी कादंबरीत 'शी रिप्लाइड फ्रॉस्टिली' असे वाक्य आले की आपण 'ती थंडपणे म्हणाली' असा अर्थ लावून पुढे सरकतो. पण मराठीत 'थंडपणे' म्हटले की कधी शांतपणा, कधी सुस्ती, तर कधी निर्विकार क्रौर्य डोळ्यांपुढे येते. फ्रॉस्टिलीचा रोख वेगळा आहे.

'फ्रॉस्ट' म्हणजे हिमकण. हवेतली वाफ शून्य अंशाखाली गेलेल्या पानावर, काचेवर गोठते आणि पातळ पांढरा थर धरते. त्यावरून विशेषण 'फ्रॉस्टी' आणि त्यावरून क्रियाविशेषण 'फ्रॉस्टिली'. लिहिताना 'वाय'च्या जागी 'आय' येतो आणि पुढे 'एलवाय' लागते.

शब्दाचा सगळा अर्थ त्या पातळ थरात आहे. सभ्यता शाबूत असते, फक्त आपुलकी गोठलेली असते. समजा, एखाद्या समारंभात कुणी परक्या बाईंना सलगीने पहिल्या नावाने हाक मारली. त्या आवाज न चढवता म्हणतात, 'आय डोन्ट बिलीव्ह वुई हॅव मेट.' आपली ओळख झाल्याचे मला आठवत नाही. वाक्यात बोट ठेवायला जागा नाही, तरी समोरचा जागच्या जागी ओशाळतो. इथे लेखक 'शी सेड फ्रॉस्टिली' असे लिहितो. म्हणूनच हा शब्द ओरडण्याशी किंवा शिवीगाळीशी जुळत नाही. तो बोलणे, उत्तर देणे, हसणे, बघणे, स्वागत करणे अशा क्रियापदांबरोबर शोभतो. माणसाचे किंवा संबंधांचे वर्णन करायचे असेल तर मात्र विशेषणच हवे. 'शी वॉज फ्रॉस्टिली' हे चूक, 'शी वॉज फ्रॉस्टी' हे बरोबर.

याची भावंडेही ओळखून ठेवावीत. 'कोल्डली'त भावनेचा अभाव असतो. 'आयसिली'त राग अधिक धारदार होतो. सर्वांत फसवा 'कूली', कारण दडपणाखाली डोके शांत ठेवणाऱ्या खेळाडूच्या कौतुकासाठीही तो वापरतात. विरुद्ध अर्थासाठी 'वॉर्मली' वापरावा. 'फ्रेंडली'च्या शेवटी 'एलवाय' असले तरी ते विशेषण आहे. 'ही स्पोक फ्रेंडली' असे लिहू नये, 'इन अ फ्रेंडली वे' लिहावे.

संवादानंतर अशी क्रियाविशेषणे जोडण्याला कादंबरीकार स्टीफन किंग यांचा 'ऑन रायटिंग' (2000) या पुस्तकात सक्त विरोध आहे. बहुतेक वेळा ते मला पटते. संवादच तुटक असेल तर शेपूट कशाला? पण शब्द साधे आणि सूर गोठलेला असेल, तिथे फ्रॉस्टिली आपले काम चोख करतो. नुसते 'गुड मॉर्निंग' कसे म्हटले, हे वाचकाला दुसरे कोण सांगणार?

अनुवाद करणाऱ्यांनी थंडीच्या मागे लागू नये. थंड हवेच्या इंग्लंडात ऊब म्हणजे माया. आपल्याकडे माया ओलाव्यात असते आणि दुरावा कोरडेपणात. त्यामुळे 'ती कोरडेपणाने म्हणाली' किंवा 'तिने तुटकपणे उत्तर दिले' हेच फ्रॉस्टिलीचे खरे मराठी. 'बर्फाळपणे' मात्र कृपा करून लिहू नका.