घोरणे दातांच्या डॉक्टरलाही सांगा

झोपेत श्वास अडण्याचा आजार बरेचदा जबड्यातून ओळखू येतो. कन्हान परिसरातील शेतकरी, ड्रायव्हर व खाण कामगारांनी ध्यानात ठेवावे असे काही

घोरणारा माणूस सुखी, असा आपल्याकडे समज आहे. खाटेवर पडला की पाच मिनिटांत डाराडूर. घरचे लोक हसतात, पोरे नक्कल करतात, आणि लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना झोपायला जागा देताना "यांना तिकडे कोपऱ्यात टाका बाप्पा" असे म्हणून विषय संपतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, हा विषय इतक्या सहज संपवण्यासारखा नाही. जोरात घोरता घोरता ज्याचा आवाज एकदम बंद पडतो, काही क्षण सारे शांत होते, आणि मग गुदमरल्यासारखा हुंदका देऊन पुन्हा घोरणे सुरू होते, त्या माणसाला गाढ झोप लागलेली नसते. त्याचा श्वास अडलेला असतो.

डॉक्टर या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हा शब्द गावोगावी पोचला आणि चार दिवसांत विसरलाही गेला.

हा आजार काही मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांचाच नाही. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास अडण्याचा दोष १९.५ टक्के पुरुषांत निघाला. त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही असलेले ७.५ टक्के होते. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले होते. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून अंदाज काढला की, भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के, बायकांत ५ टक्के. म्हणजे देशात जवळपास १० कोटी ४० लाख माणसे.

पाइप पिचकतो तसा गळा

हे होते कसे? तुमच्याच शेतातले उदाहरण घ्या. विहिरीवरच्या इंजिनाचा सक्शन पाइप नरम असला आणि फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला, तर इंजिन जोराने ओढते, पण पाणी येत नाही. पाइप आतल्या आत पिचकतो. गळ्याचेही तसेच आहे. जिभेच्या मागचा श्वासाचा मार्ग नरम मांसाचा असतो. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते आणि छाती श्वास ओढू लागली की तो मार्ग पिचकतो. थोडा पिचकला तर घोरण्याचा आवाज. पूर्ण पिचकला तर श्वासच बंद.

असा श्वास १० सेकंद किंवा जास्त वेळ थांबला वा फार कमी झाला, तर डॉक्टर तो मोजतात. तासाला ५ ते १५ वेळा झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झाले तर मध्यम, ३० च्या वर गेले तर गंभीर. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि हृदयावर ताण पडतो. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. त्याला फक्त एवढेच समजते की, आठ तास झोपूनही अंग जड आहे, डोके दुखते आहे, तोंड सुकले आहे. पुढे रक्तदाब वाढतो आणि गोळ्यांनीही लवकर आटोक्यात येत नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहाशीही या आजाराचे नाते आहे.

आपल्या भागात धोका कुठे?

कन्हान, कांद्री, टेकाडी, गोंडेगाव हा पट्टा रात्रीही जागा असतो. एकीकडे वेकोलिच्या खुल्या कोळसा खाणी, त्यात रात्रपाळीचे डंपर. दुसरीकडे नागपूर-जबलपूरचा राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्याला आपण अजून सात नंबरच म्हणतो, त्यावर रात्रभर ट्रकांची रांग. आणि शेतात म्हणाल तर रात्रीच्या विजेवर पाणी ओलायला जाणारा शेतकरी. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टरवर बसतो, थ्रेशरमध्ये पेंढ्या टाकतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. रात्रभर पाणी देऊन दिवसा पेंग आली, तर तो आजार नव्हे, ती अपुरी झोप आहे. दोन दिवस पुरेसे झोपल्यावर ती भरून निघते. पण रोज पुरते झोपूनही जो चावडीवर बसल्या बसल्या पेंगतो, ग्रामसभेत मान टाकतो, गाडी चालवताना ज्याचा डोळा लागतो, त्याची तपासणी व्हायलाच पाहिजे. ट्रकवाल्याचा डोळा एका क्षणापुरता जरी लागला, तरी समोरच्या दुचाकीवर एक कुटुंब असू शकते.

दाताच्या डॉक्टरचा काय संबंध?

तुम्ही म्हणाल, श्वासाचा आजार, मग दाताचा डॉक्टर मध्ये काऊन आणता? कारण साधे आहे. ज्या जागी श्वास अडतो, ती जागा तोंडाच्या मागच्या बाजूला आहे, आणि आपले तोंड उजेड पाडून, जीभ बाजूला करून, निवांत पाहणारा माणूस म्हणजे दाताचा डॉक्टर. छातीच्या डॉक्टरकडे आपण दम लागल्यावर जातो. दाढ मात्र कोणाचीही दुखते.

ही गोष्ट नवी नाही. पिएर रोबँ नावाच्या फ्रान्समधील दंतवैद्याने १९२३ मध्येच लिहून ठेवले होते की, खालचा जबडा लहान असला की जीभ मागे पडते आणि श्वास अडतो. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये धोरण जाहीर केले की, दंतवैद्याने आपल्या रुग्णांत या आजाराची लक्षणे शोधावी आणि संशय आला तर योग्य डॉक्टरकडे पाठवावे.

दंतवैद्याला दिसणाऱ्या खुणा अशा :

– खालचा जबडा लहान किंवा मागे गेलेला. अशी माणसे अंगाने बारीक असूनही घोरतात. म्हणून "तो तर सुकडा आहे, त्याला काय होते" असे म्हणू नका.

– टाळू उंच आणि अरुंद, दात एकावर एक चढलेले.

– जीभ मोठी, तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले.

– तोंड उघडल्यावर पडजीभ व घशाची मागची बाजू दिसत नाही, किंवा टॉन्सिल वाढलेले असतात.

– दात झिजून सपाट झालेले. झोपेत दात खाणाऱ्यांचे असे होते, आणि दात खाणे व श्वास अडणे अनेकदा एकाच माणसात सापडते.

या शेवटच्या खुणेत आपल्याकडे गडबड होऊ शकते. गुल, तंबाखूची पूड किंवा राखुंडीने घासूनही दात झिजतात. सुपारी चावूनही झिजतात. म्हणून डॉक्टरने विचारले तर खरे सांगा, लाजू नका. आणि एक सांगून ठेवतो, झिजलेले दात किंवा मोठी जीभ म्हणजे आजार ठरला असे नाही. या फक्त खुणा आहेत. पक्के निदान झोपेच्या तपासणीतच होते. त्यात रात्रभर श्वास, प्राणवायू, नाडी यांची नोंद यंत्रावर घेतात. ही तपासणी रुग्णालयात होते, आणि काही रुग्णांची लहान यंत्राने घरीही करता येते. तिचा अर्थ लावण्याचे काम श्वसनरोगाच्या किंवा झोपेच्या आजारांच्या जाणकार डॉक्टरचे.

जबडा पुढे आणणारी पट्टी

या आजारावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने गळा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे आणले. गंभीर आजारात आजही पहिला मान त्याचाच. पण यंत्राला वीज लागते, रोज रात्री मास्क बांधावा लागतो, आणि कित्येक जण कंटाळून ते कपाटात ठेवतात.

इथे दंतवैद्य कामाला येतो. तो वरच्या व खालच्या दातांचे माप घेऊन दोन पट्ट्या बनवतो. त्या एकमेकींना अशा जोडलेल्या असतात की, झोपेत खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो. जबड्यासोबत जीभ पुढे येते आणि मागचा मार्ग मोकळा होतो. विजेची गरज नाही, आवाज नाही, खिशात घालून शेतावरच्या झोपडीत नेता येते. जबडा एकदम पुढे ओढत नाहीत, हळूहळू काही आठवड्यांत पुढे नेतात.

अमेरिकेतील झोपेच्या डॉक्टरांच्या व झोपेसंबंधी काम करणाऱ्या दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये एकत्रित मार्गदर्शन दिले. ज्यांना सीपॅप सोसत नाही किंवा दुसरा उपाय हवा आहे, त्यांना डॉक्टरने ही पट्टी सुचवावी, ती मापाची असावी, पात्र दंतवैद्याने बसवावी आणि ती लावून पुन्हा झोपेची तपासणी करावी, असे त्यात सांगितले आहे. सौम्य व मध्यम आजारात तिचा चांगला उपयोग होतो. श्वास अडण्याची संख्या सीपॅपइतकी कमी होत नाही, पण माणूस ती जास्त तास वापरतो, हा तिचा फायदा.

दोषही सांगितले पाहिजेत. सुरुवातीला सकाळी जबडा दुखतो, लाळ गळते. वर्षानुवर्षे वापरल्यावर दातांची चावण्याची जुळणी थोडी बदलू शकते. दात हलत असतील, हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी त्याचा इलाज करावा लागतो. ज्याच्या तोंडात पट्टी धरायला पुरेसे दातच नाहीत, त्याला ही नेहमीची पट्टी बसत नाही.

बाजारात गरम पाण्यात टाकून दातावर दाबायच्या तयार पट्ट्या मिळतात. तपासणीशिवाय त्या घेऊ नका. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडणे थांबले असे होत नाही. तसेच, दात खाण्यासाठी मिळणारी साधी पट्टी वेगळी असते. काही रुग्णांत तिने श्वासाचा अडथळा वाढू शकतो, असे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून दात खाण्यासाठी पट्टी घेताना "मी घोरतोही" हे डॉक्टरला जरूर सांगा.

खर्रा इथेही आडवा येतो

आपल्या विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी पोचले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. दोन बोटे जात नाहीत अशा तोंडात मापाचा साचा घालायचा कसा? म्हणजे कर्करोगाचा धोका तर आहेच, शिवाय उद्या पट्टीची गरज पडली तर तीही बसवणे कठीण. दारूचेही तसेच. मोहाची असो की दुकानातली, ती गळ्याचे स्नायू आणखी ढिले करते. झोप येत नाही म्हणून मनाने झोपेच्या गोळ्या घेणेही अशा रुग्णाला घातक ठरू शकते. वजन कमी करणे व कुशीवर झोपणे, हे मात्र फुकटचे आणि उपयोगाचे उपाय आहेत.

लेकरांकडे लक्ष द्या

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, अंथरूण ओले करत असेल, वर्गात चुळबुळ करत असेल, तर त्याला नुसते मारू-रागावू नका. मुलांत हा आजार पेंगण्यापेक्षा चिडचिड व अस्वस्थपणातून जास्त दिसतो. कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागच्या गाठी असतात आणि त्याचा इलाज कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. टाळू अरुंद असलेल्या काही मुलांत दात सरळ करणारा दंतवैद्य टाळू रुंद करून मदत करू शकतो.

कुठे जायचे, काय करायचे?

आधी घरी विचारा. स्वतःचे घोरणे स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून घरधनीण काय म्हणते ते ऐका. आणि पुरुष मंडळींनो, तिच्या घोरण्याचीही थट्टा करू नका. पाळी गेल्यानंतर बायकांतही हा आजार वाढतो. मोबाइलवर रात्रीचा आवाज भरून डॉक्टरला ऐकवला तरी चालेल. मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. नागपुरात मेडिकल आणि त्याच परिसरात १९६८ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. श्वासाचा डॉक्टर व दाताचा डॉक्टर अशा दोघांचे काम असल्याने ही जवळीक सोयीची आहे. तपासणीची वेळ व खर्च आधी विचारून जा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि आशाताईंना एक विनंती. तोंडाच्या कर्करोगासाठी ३० वर्षांवरील लोकांचे तोंड तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहेच. तोंड उघडलेच आहे, तर तीन प्रश्न जास्तीचे विचारावे. जोरात घोरता का? झोपेत श्वास थांबतो असे घरचे सांगतात का? दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का? दोन उत्तरे "हो" आली की त्या माणसाला चिठ्ठी देऊन पुढे पाठवा. गावात जे ट्रक, डंपर, स्कूलबस चालवतात, त्यांना आधी विचारा. याला वेगळा निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

बैलाने चारा सोडला की आपण त्याचे तोंड उघडून जीभ पाहतो. तेवढी काळजी घरच्या माणसाचीही घेऊ या.