सीरियल प्रिंटर : दोष व दोषशोधन

संगणकाच्या सीरियल पोर्टला, म्हणजे माहितीचे बिट एकाच तारेवरून एकामागून एक पाठविणाऱ्या द्वाराला, जोडलेल्या मुद्रण यंत्रास सीरियल प्रिंटर म्हणतात. पॅरलल पोर्टमध्ये एका अक्षराचे आठही बिट आठ तारांवरून एकाच वेळी जातात. सीरियल जोडणीस तारा कमी लागतात व ती अधिक अंतरावर चालते. तथापि वेग, अक्षराची मांडणी आणि थांबण्याची खूण यांबाबत दोन्ही यंत्रांत अगोदर मेळ घालावा लागतो. या जोडणीतील बहुतेक दोष हा मेळ नसल्याने उद्भवतात. यंत्र बिघडलेले क्वचितच असते.

दूरमुद्रकाच्या तंत्रातून ही पद्धत विकसित झाली. आरएस-२३२ हे तिचे मानक अमेरिकेत १९६० मध्ये ठरले व त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती १९६९ मध्ये निघाली. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबी जोडणीनंतर घरगुती व कार्यालयीन संगणकांवरून सीरियल पोर्ट हळूहळू नाहीसा झाला; परंतु उद्योगांत तो टिकून आहे. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्यात १९६९ मध्ये सुरू झालेले भारतातील पहिले अणुवीज केंद्र असून बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतील भुईकाटे, प्रयोगशाळेतील तराजू व मापनयंत्रे आपली नोंद अनेकदा सीरियल जोडणीच्या छोट्या प्रिंटरवर छापतात. मालाचे देयक किंवा औषधाच्या घाण्याची नोंद या छापील कागदावर अवलंबून असल्याने येथील दोषशोधनाला विशेष महत्त्व आहे.

संदेशाचे स्वरूप : तार निष्क्रिय असताना तिच्यावर ऋण विद्युत् दाब असतो. ‘१’ हा बिट ऋण ३ ते १५ व्होल्टने व ‘०’ हा बिट धन ३ ते १५ व्होल्टने दर्शविला जातो. प्रत्येक अक्षरापूर्वी एक आरंभ-बिट व शेवटी अंत-बिट असतो. आठ बिटांच्या अक्षरासाठी अशा रीतीने एकूण दहा बिट लागतात. म्हणून सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ९६० अक्षरे जातात.

मुद्रण मुळीच न होणे : प्रथम केबल काढून प्रिंटरची स्वयंचाचणी घ्यावी. ती नीट छापली गेल्यास मुद्रणयंत्रणा निर्दोष ठरते. त्यानंतर संगणकाकडील प्रेषण व ग्रहण या पिना (२ व ३) एकमेकींस जोडून अक्षरे पाठवावीत. तीच परत आल्यास पोर्टही निर्दोष होय. उरलेला संशय केबलवर येतो. २५ पिनांच्या कनेक्टरवर संगणकाचे प्रेषण २ क्रमांकाच्या पिनेवर असते, तर १९८४ नंतर रूढ झालेल्या ९ पिनांच्या कनेक्टरवर ते ३ क्रमांकावर असते. सामाईक तार अनुक्रमे ७ व ५ या पिनांवर असते. सामाईक तारेच्या संदर्भात ज्या पिनेवर निष्क्रिय स्थितीत स्पष्ट ऋण दाब मिळतो ती प्रेषणाची पिन, असे साध्या मल्टिमीटरने ओळखता येते. दोन्ही यंत्रांचे प्रेषण एकाच तारेवर आल्यास २ व ३ यांची अदलाबदल केलेली केबल वापरावी.

निरर्थक अक्षरे : वेगात फरक असल्यास अर्थहीन चिन्हे छापली जातात. बहुतांश मजकूर बरोबर पण काही अक्षरे चुकीची असल्यास बिटांची संख्या किंवा समता-बिट (पॅरिटी) तपासावा. देवनागरीत हा दोष ठळकपणे दिसतो. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावलीत रोमन अक्षरे पहिल्या १२८ स्थानांत, तर भारतीय लिप्या त्यापुढील स्थानांत आहेत. जोडणी सात बिटांची ठेवल्यास आठवा बिट गळतो व संकेतातून १२८ वजा होतात. ‘क’चा संकेत १७९ असल्याने त्याऐवजी ५१ पोचतो, म्हणजे रोमन लिपीतील ३ हा अंक छापला जातो. रोमन मजकूर शुद्ध व मराठी मजकूर भ्रष्ट, हे या दोषाचे निश्चित लक्षण होय.

ओळींचे दोष : सर्व ओळी एकीवर एक छापल्या गेल्यास कागद पुढे सरकविण्याची आज्ञा मिळत नाही असे समजावे, प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी राहिल्यास ती आज्ञा दोनदा मिळते. प्रिंटरवरील डिप स्विच बदलून हा दोष दूर होतो.

मजकूर गळणे : हा सर्वांत घातक दोष होय, कारण यात यंत्र चालू दिसते. सेकंदाला ९६० अक्षरे येत असता प्रिंटर २०० अक्षरे छापत असेल, तर ७६० अक्षरे साठत जातात व २,०४८ अक्षरांची स्मृती पावणेतीन सेकंदांच्या आत भरते. त्या वेळी प्रिंटरने संगणकाला थांबण्याची खूण करावयाची असते. ती स्वतंत्र तारेने (बहुधा २० किंवा ११ क्रमांकाच्या पिनेवरून) अथवा १९ व १७ या संकेतांनी, म्हणजे अनुक्रमे ‘थांबा’ व ‘चालू करा’ या अक्षरांनी, दिली जाते. प्रिंटर चालू होत नसल्यास संगणकाकडील खुणेच्या पिना आपसांत जोडून टाकण्याची युक्ती सर्रास वापरतात. तिने मुद्रण सुरू होते, पण थांबण्याची खूण संगणकास कधीच पोचत नाही. छोटी पावती अचूक निघते. मोठ्या अहवालातील ओळी मात्र न कळत गळतात. म्हणून दुरुस्तीनंतर क्रमांकित ओळींचा लांब मजकूर छापून प्रत्येक क्रमांक तपासणे आवश्यक आहे.

अंतर व परिसर : मानकानुसार केबल सुमारे १५ मी. पर्यंत असावी. मोठ्या मोटारींच्या परिसरात दोन इमारतींच्या भूजोडणीत विद्युत् दाबाचा फरक पडतो व सामाईक तारेतून अनिष्ट प्रवाह वाहून अक्षरे बिघडतात. अशा ठिकाणी प्रकाशीय विलगक अथवा आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ ही जोडणी वापरतात. त्यांची मर्यादा सुमारे १,२०० मी. आहे. यंत्राची भूजोडणी तोडणे हा उपाय धोकादायक असल्याने तो कधीही करू नये. किनारपट्टीवरील खारट दमट हवा व रसायनांची वाफ यांमुळे पिनांवर गंज चढतो. पावसाळ्यात अधूनमधून उद्भवणारा दोष पुष्कळदा याच कारणाने होतो. कनेक्टर स्वच्छ करून स्क्रूने घट्ट बसविणे व प्रत्येक जोडणीचा वेग, बिटसंख्या, समता आणि पिनांची मांडणी यंत्राजवळच लिहून ठेवणे हे उत्तम प्रतिबंधक उपाय होत.